धायटीच्या फुलांचा रंग सुती कापडावर टिकत नाही : काय चुकते आहे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावरील महिला बचत गटासोबत मी गेली दोन वर्षे काम करते आहे. गटात अकरा जणी आहेत आणि गोधड्या शिवणे हे त्यांचे नेहमीचे काम आहे. पाड्यामागच्या उतारावर माघापासून चैत्रापर्यंत धायटी लालभडक फुललेली असते, तर तिच्या फुलांनी मलमल रंगवून ओढण्या आणि उपरणी का करू नयेत, असे यंदा त्यांच्याच मनात आले. गटातल्या एका आजींनी सांगितले की त्यांच्या लहानपणी घरात धायफुलांचे पाणी काढून त्यात कापड बुडवत असत. त्यात आणखी काय घालत असत हे मात्र त्यांना आता आठवत नाही, आणि ते सांगू शकेल असे पाड्यावर दुसरे कोणी उरलेले नाही.

आम्ही केले ते असे. फाल्गुनात फुले खुडली आणि चार दिवस पडवीत, सावलीत वाळवली. अर्धा किलो वाळलेली फुले हिंडालियमच्या मोठ्या पातेल्यात दहा लिटर पाण्यात तासभर खळखळून उकळली, पाणी गाळले, त्यातच मूठभर तुरटीची पूड टाकली आणि अर्धा किलो मलमल, बाजारातून आणली तशीच, त्यात बुडवून आणखी अर्धा तास शिजवली. कापड बाहेर काढले तेव्हा त्याला लाल पेरूच्या गरासारखी गुलाबी झाक होती, आणि ती पाहून सगळ्या जणी इतक्या हरखल्या की त्याच संध्याकाळी दोन ओढण्यांना काठ शिवून झाले.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कपड्यांच्या साबणाने ओढणी धुतली आणि ते गुलाबीपण डोळ्यांदेखत गेले. साबणाची वडी जिथे घासली तिथे आधी करडा-हिरवट डाग आला, मग सगळी ओढणी ओल्या मातीसारखी मातकट झाली. तिसऱ्या पाण्यातही रंग सुटत होता. दुसरे एक कापड न धुता आठ दिवस दोरीवर राहिले, तर घडीच्या बाहेरचा भाग फिका आणि आतला गडद असा सरळ पट्टा त्यावर उमटला. पातेल्याच्या तळाशी पिठासारखा गाळ बसला होता, तो कशाचा हेही कळले नाही.

गुलाबी रंग धुण्यात टिकवण्याचा काही मार्ग आहे का? हिरडा वापरावा असे ऐकले आहे, तो कशासाठी आणि किती वापरावा? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की, हे काम वाढले तर झुडपांवर ताण न येता एका हंगामात किती फुले घ्यावीत? या बायका हे कापड विकणार आहेत. गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात रंग गेला तर त्यांनी गोधड्यांवर मिळवलेले नाव जाईल, याची मला काळजी वाटते.

सूतरंग

गोदाकाठ ताई, आपण झालेला प्रकार इतका नेमका लिहिला आहे की बहुतेक उत्तर आपल्या वर्णनातच आहे. मी बरीच वर्षे वस्त्र-रसायन शिकवले आणि त्यातली शेवटची काही वर्षे वनस्पतिजन्य रंगांवरच काम केले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

धायटीच्या फुलात डोळ्यांना दिसणारा लाल रंग आणि त्या फुलातून कापडावर खरोखर बसणारा रंग ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. लाल दिसते ती नळी पाकळ्यांची नसून निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेढ्याची असते आणि तिचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांचा असतो. जांभळाचा, जास्वंदीचा रंग याच गटातला. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून त्यावर लिंबू पिळले की लाल होते आणि साबणाचे पाणी टाकले की निळसर-हिरवे होते, हा प्रयोग आपण शाळेत केला असेल. आपल्या ओढणीवर तेच झाले. कपडे धुण्याची वडी अल्कधर्मी असते, ती लागताच गुलाबीचे करडे-हिरवट झाले. शिवाय हे द्रव्य उकळीने आणि उन्हाने मोडते, त्यामुळे दोरीवरच्या कापडावर घडीचा पट्टा उमटला. साबण बदलून हे थोडे लांबवता येईल, पण विकायच्या कापडावर धायटीचा गुलाबी टिकवण्याचा भरवशाचा मार्ग नाही, हे मी स्पष्ट सांगतो. त्या गुलाबीचा नाद गटाने सोडावा.

धायटीचे खरे धन आहे ते टॅनिन. हिरडा चघळल्यावर किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर तोंडात जो तुरटपणा येतो तो याचाच. धायटीच्या फुलांत आणि पानांतही टॅनिन भरपूर असते. हे टॅनिन सुती धाग्याला नीट धरते, तुरटीबरोबर तांबूस-बदामी रंग देते आणि लोखंडाबरोबर राखी ते काळसर. संस्कृतात या झुडपाला ताम्रपुष्पी म्हणतात. कापडावरही तांब्याच्या जवळची छटा मिळवावी आणि लालाची अपेक्षा ठेवू नये.

आता गाळ. तुरटीतले ॲल्युमिनियम आणि फुलांतली रंगद्रव्ये एकमेकांना भेटली की त्यांचे न विरघळणारे संयुग बनते. ही भेट धाग्याच्या आत झाली पाहिजे. आपण तुरटी थेट रंगाच्या पाण्यात टाकली, त्यामुळे ती पातेल्यातच झाली, आणि जो रंग कापडात बसायचा तो पीठ होऊन तळाशी बसला. जो थोडा कापडावर राहिला तो वरवर चिकटलेला होता, म्हणून तीन पाण्यांपर्यंत सुटत राहिला. आपल्या कामात एकच मोठी चूक दाखवायची तर ती ही आहे. बाकीच्या चुका तिच्यामानाने लहान आहेत.

सुती धागा स्वतः तुरटीला धरत नाही. रेशीम आणि लोकर धरतात, सूत धरत नाही. म्हणून सुताला आधी टॅनिन पाजावे लागते, ते टॅनिन तुरटीला धरते आणि तुरटी रंगाला धरते. हिरड्याचे काम हे मधल्या दुव्याचे आहे. एक किलो कोरड्या कापडाला मी पुढीलप्रमाणे प्रमाण घेतो, आणि ते नेहमी कापडाच्या वजनावर काढतो. मूठ आणि चमचा हे माप रंगकामात चालत नाही, कारण पुढच्या वेळी तीच छटा मिळत नाही.

पहिले काम खळ काढण्याचे. बाजारातल्या मलमलीवर खळ असते, शिवाय कापसाचे स्वतःचे मेण असते. किलोभर कापडाला ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून, कापड मोकळे फिरेल एवढ्या, म्हणजे २० ते ३० लिटर पाण्यात तासभर उकळावे. पाणी चहासारखे पिवळे होते. ते ओतून स्वच्छ धुवावे आणि पाण्याचा थेंब कापडावर ठेवून पाहावा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर खळ आणि मेण अजून आहे, पुन्हा उकळावे. टेकताच शोषला गेला तर कापड तयार आहे.

मग २०० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून, गाळून, कोमट पाण्यात कापड तीन-चार तास ठेवावे. ते पिळून, न धुता सावलीत वाळवावे. नंतर २०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात वेगळा विरघळवलेला २५ ग्रॅम धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे. या कोमट पाण्यात कापड दोन तास आणि सवड असेल तर रात्रभर ठेवावे. बाहेर काढून एका पाण्यातून हलकेच विसळावे, म्हणजे न बसलेली तुरटी निघून जाते.

शेवटी रंग. किलोभर कापडाला किलोभर वाळलेली फुले रात्रभर भिजत घालावीत आणि सकाळी पाणी उकळू न देता, नुसती वाफ दिसेल इतक्या आचेवर तासभर ठेवून गाळावे. त्यात ओले कापड घालून तेवढ्याच आचेवर तासभर सतत हलवत राहावे, मग आच बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्यावे. रंगलेले कापड सावलीत वाळवून आठवडाभर तसेच ठेवावे आणि त्यानंतरच पहिले धुणे रिठ्याच्या पाण्यात करावे. रिठ्याचे पाणी किंचित आम्ल असते, त्यामुळे या रंगाला ते सोसते. गिऱ्हाइकाला देण्याच्या चिठ्ठीवरही रिठा आणि सावली हे दोन शब्द असू द्यावेत.

भांडे मात्र स्टीलचे घ्यावे. हिंडालियम रंगात हस्तक्षेप करते, लोखंडी कढई तर सगळे काळवंडून टाकते. आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. आणखी एक विचारायचे राहिले : पाड्यावरचे पाणी विहिरीचे आहे की बोअरचे? आपल्याकडच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बरेचदा जड असते, आणि जड पाण्यात हीच फुले वेगळी छटा देतात.

येवलेकर

मी येवल्यात रेशमाच्या लडी रंगवण्याचे काम करतो. आमच्याकडे पैठणीच्या रेशमाला आता प्रामुख्याने तयार रासायनिक रंगच लागतात, पण एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मी धायफुलांवर काही लडी करून पाहिल्या आहेत, म्हणून थोडे लिहितो.

सूतरंग सरांनी गुलाबीचा नाद सोडा असे सांगितले ते सुतासाठी बरोबर आहे. रेशमावर मात्र तुरटी थेट बसते आणि हिरड्याचा पिवळसरपणा मध्ये येत नाही, त्यामुळे तांबूस छटा अधिक उजळ, जुन्या गुलाबी मातीच्या भिंतीसारखी मिळते. रेशमाला धुण्याचा सोडा लावू नये, धागा खरखरीत होऊन त्याची झळाळी जाते. वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तुरटी पुरते. पाणी उकळू देऊ नये. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, तर रेशमावर अगदी जपून वापरावे, कारण लोखंडाने रेशीम काही वर्षांत कुजल्यासारखे तुटू लागते. ज्यांच्या घरी जुन्या काळ्या रेशमी साड्या आहेत त्यांनी घडीवर चिरलेले रेशीम पाहिले असेल.

गटासाठी माझी एक सूचना आहे. कापड रंगवताना डाग-डाग उठतात, विशेषतः पाच मीटरचा ताका लहान पातेल्यात कोंबला तर. सुताच्या लडी रंगवणे त्यापेक्षा सोपे असते, कारण लड काठीवर अडकवून पाण्यात फिरवत राहिले की रंग सारखा चढतो. बायका गोधड्या शिवतात असे आपण लिहिले आहे. गोधडीचे धावदोऱ्याचे टाके रंगीत सुताने घातले तर थोड्या फुलांत पुष्कळ काम होईल, आणि पांढऱ्या मलमलीवर तांबूस टाका फार सुंदर दिसेल.

रानवाट (इगतपुरी)

ताई, आपण तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा म्हटलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण झुडूप कधी संपणारच नाही असे धरून चालतात.

पहिल्यांदा नावाचा घोळ मिटवतो. काही भागांत धायटीला धावडी, धावई म्हणतात आणि धावडा हा पूर्णपणे वेगळा, मोठा वृक्ष आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून माल घ्यायचा झाला तर धायफूल किंवा धातकी असे सांगून मागावे आणि हातात घेऊन पाहावे. सुमारे बोटाच्या पेरापेक्षा लहान, किंचित वाकलेली, विटकरी लाल नळी दिसली पाहिजे. आसव-अरिष्टांच्या आंबवण्यासाठी वैद्य ही फुले पूर्वापार वापरतात, त्यामुळे तिला बाजार आहे आणि त्या बाजाराचा भारही याच झुडपांवर पडतो, हे हिशेबात धरावे.

ही फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, आणि त्या दिवसांत डोंगरउतारावर दुसरे फारसे काही फुललेले नसते. सूर्यपक्षी, मधमाश्या आणि पाड्यावरची पोरे अशी सगळी मंडळी तिच्या मधावर टपलेली असतात. आमच्या घरामागच्या झुडपावर सकाळी सातच्या सुमारास मी अनेकदा उभा राहिलो आहे. सूर्यपक्ष्याची नर-मादी जोडी एकेका फांदीवर खालून वर जाते, प्रत्येक नळीत चोच घालते आणि निघताना त्यांच्या कपाळाला पिवळे पराग लागलेले असतात. ती फुले आपण पहाटेच खुडली तर त्या दिवसाची त्यांची न्याहारी गेली आणि झुडपाचे बीही गेले.

म्हणून आम्ही पाळतो तो नियम सांगतो. एका झुडपावरून चार फांद्यांपैकी एकीचीच फुले घ्यायची, तीही मध ओसरल्यावर. धायटीची एक सोय अशी की फूल जुने झाले तरी लाल नळी गळून पडत नाही, ती वाळत वाळत फळाभोवती राहते. रंगासाठी लागणारे टॅनिन या जुन्या नळीतही असते, त्यामुळे ताज्या, मधाने भरलेल्या फुलांची गरजच नाही. चैत्राच्या अखेरीस झुडपाखाली जुने धोतर किंवा साडी पसरून फांदी हलवली की पुष्कळ माल खाली येतो. बिया अगदी बारीक असतात. त्या चाळून त्याच उतारावर टाकून द्याव्यात.

पानांचाही विचार करावा. सूतरंग यांनी पानांत टॅनिन असते हे सांगितलेच आहे. धायटी तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते, आणि बांधावरची झुडपे शेतकरी तशीही दरवर्षी छाटतात. ती छाटणीची पाने मिळाली तर हिरड्याच्या जागी किंवा हिरड्यासोबत वापरून पाहता येतील आणि फुलांवरचा भार हलका होईल.

कायद्याची बाजूही लिहितो. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या गावकऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे, आणि पेसा कायदा १९९६ मुळे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला त्यात मोठा शब्द आहे. हा हक्क पाड्यावरच्या बायकांचा आहे, नाशिकहून पोते घेऊन जाणाऱ्या कोणाचा नाही. गटाने ग्रामसभेत विषय मांडून ठराव घेतला तर पुढे कोणी हरकत घेतल्यास कागद हाती राहील. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपज यादीतही धायफुलाचे नाव आहे, म्हणजे बायकांनी फुलांची स्वतःलाच मजुरी लावताना शून्य धरू नये. आणि अंजनेरीच्या बाजूला जाऊ नका. तिथला काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

कसमादे

आम्ही देवळ्याकडचे, डाळिंबवाले. वरचे सगळे वाचून एक राहवत नाही म्हणून लिहितो. हिरडा विकत आणण्यापेक्षा डाळिंबाची साल वापरा. तिच्यात टॅनिन भरपूर असते, आणि आमच्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा पट्ट्यात तेल्या रोगाने डागाळलेली फळे बांधावर टाकून द्यावी लागतात. नाशिकच्या रसवाल्यांकडेही सालींचे ढीग असतात. गंमत अशी की धायटी, डाळिंब, मेंदी आणि आपल्या राज्याचे फूल असलेला ताम्हण ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली मानली जातात, म्हणजे धायटीला तिच्या घरचेच माणूस सोबतीला मिळेल.

माझी बायको घरी उशांचे अभ्रे सालीत रंगवते. साल वाळवून, कुटून, कापडाच्या वजनाइतकी घेते. तुरटीवर मोहरीसारखा पिवळा येतो, हिराकसाच्या पाण्यातून काढला की मेंदीच्या पानासारखा हिरवट-करडा. लाल कांद्याच्या टरफलांचाही सोनेरी पिवळा सुरेख येतो, आणि लासलगावच्या बाजारात टरफले कोणी विकत घेत नाही. मात्र तो उन्हात डाळिंबापेक्षा लवकर उतरतो, हा आमचा अनुभव आहे.

एक इशारा देतो. आमच्याकडे आणि द्राक्षवाल्यांकडे फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घरात असतेच. ते रंगात टाकले की छटा खुलते आणि पक्की होते, असे कोणी ना कोणी सांगतेच. ते करू नका. उरलेले पाणी कुठे ओतणार? पाड्याचा ओहोळ शेवटी गोदावरीलाच मिळतो, आणि तांबे माशांना मारते.

सूतरंग

कसमादे यांचा मोरचुदाविषयीचा इशारा मी दुप्पट जोराने देतो. सालीबद्दल मात्र थोडा मतभेद नोंदवतो. डाळिंबाची साल हिरड्यापेक्षा पुष्कळ पिवळी असते. ती आधी पाजली तर वरून चढणारा धायटीचा तांबूस रंग पिवळ्याखाली दबतो आणि निकाल डाळिंबाचाच दिसतो. राखी आणि काळ्या छटांसाठी, जिथे लोखंड सगळे झाकून टाकते, तिथे साल उत्तम आणि फुकट. तांबूस छटेसाठी हिरडाच घ्यावा, किंवा रानवाट म्हणतात तशी धायटीची पाने.

येवलेकरांची टाक्यांच्या सुताची कल्पना मला फार आवडली. सुताच्या लडीलाही वर दिलेलेच प्रमाण लागू होते, फक्त खळ काढताना लड तीन-चार ठिकाणी सैल बांधावी, म्हणजे गुंता होत नाही आणि बांधलेल्या जागी पांढरा ठिपकाही राहत नाही.

ताई, सगळे कापड एकदम करू नये. दहा सेंटिमीटरचे चौकोन कापून प्रत्येकावर दोऱ्याने खूण घालावी आणि आधी त्यांवर करून पाहावे. उन्हाच्या परीक्षेसाठी प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेकडच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवावा. पुठ्ठा काढल्यावर मधली रेघ ठळक दिसली तर ती छटा विकण्याजोगी नाही.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे ठरवले.

पाड्यावरचे पाणी बोअरचे निघाले. तेच चौकोन आम्ही एकदा त्या पाण्यात आणि एकदा नाशिकहून नेलेल्या गाळणीच्या पाण्यात केले. बोअरच्या पाण्यातले सगळे एक पायरी काळपट आले, तुरटीचेही. उघड्या विहिरीचे पाणी या दोहोंच्या मधले होते आणि ते पाड्यावर जवळ आहे, म्हणून पुढे तेच वापरायचे ठरले.

खळ काढताना पाणी खरोखर चहासारखे झाले. ते पाहून बायकांना आश्चर्य वाटले, कारण मलमल पांढरीशुभ्र दिसत होती. थेंबाची परीक्षा तर आता पाड्यावरच्या मुलींचा खेळ झाला आहे, दिसेल त्या कापडावर त्या थेंब टाकून पाहतात.

हिरडा, तुरटी आणि धायफुले अशा क्रमाने केलेल्या चौकोनाचा रंग नवीन मडक्याच्या आतल्या बाजूसारखा आला. पहिल्यांदा मिळालेला गुलाबी हा नव्हे, हे सर्वांना कबूल आहे, आणि दोघी-तिघींना त्याची थोडी हळहळही वाटली. पण रिठ्याच्या पाच धुण्यांनंतर तो पहिल्या दिवशी होता तिथेच आहे, आणि पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढला तेव्हा रेघ शोधावी लागली. छाटणीच्या पानांवर केलेला चौकोन किंचित पिवळसर, पण तितकाच पक्का आहे. साबणाच्या वडीनेही एक तुकडा मुद्दाम धुतला. तो थोडा काळवंडला, पण मातकट झाला नाही.

फुलांबाबत रानवाट यांचा नियम जसाच्या तसा घेतला आहे. या वर्षी आता झुडपाखाली साड्या पसरूनच गोळा करू. ग्रामसभेत विषय पुढच्या महिन्यात ठेवला आहे. आणि येवलेकर दादा, पहिली गोधडी तांबूस टाक्यांची चालू आहे, अर्धी झाली आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. राखी रंगासाठी आम्ही हिराकस आणले होते आणि त्याच्या जोडीला गंजक्या लोखंडाचे, गूळ घालून आंबवलेले पाणीही करून पाहत होतो, कारण ते गटाला पैसे न खर्चता करता येईल. पंधराव्या दिवशी मडक्याचे झाकण काढले आणि त्याचा आंबट, लोखंडी वास पडवीभर झाला. ज्या आजींचा मी सुरुवातीला उल्लेख केला होता त्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या हातातले सूप बाजूला ठेवून उठल्या, मडक्यात वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "इळा टाकीत होती माझी आय. जुना, मोडका इळा." त्यांच्या आईच्या मडक्यात रंगाच्या पाण्याशेजारी मोडका विळा भिजत घातलेला असे आणि कापड आधी फुलांच्या पाण्यातून काढून मग त्या पाण्यात बुडवत, एवढे त्यांना लख्ख आठवले. पातळ काळ्या घोंगडीसारखा तो रंग असे, असे त्या सांगतात.

त्यामुळे आता माझा एकच प्रश्न उरला आहे. हिराकस वजनावर, कापडाच्या एक-दोन टक्के घ्यावे हे मला समजते, पण विळ्याच्या पाण्यात लोखंड किती आहे हे कसे ठरवायचे? जास्त झाले तर कापड कमजोर होईल, ही भीती आहे.

सूतरंग

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या आईची पद्धत अगदी बरोबर होती : फुलांचे टॅनिन आधी, लोखंड नंतर, आणि दोन्ही वेगवेगळ्या मडक्यांत.

मोजण्यासाठी असे करा. हिरडा पाजलेल्या मलमलीच्या एकसारख्या पट्ट्या कापाव्यात. एक टक्का हिराकसाच्या पाण्यात एक पट्टी दहा मिनिटे ठेवून, धुऊन, वाळवून ती नमुना म्हणून जपावी. मग विळ्याचे गाळलेले पाणी एक वाटी घेऊन त्यात आधी दहा वाट्या, मग वीस, मग चाळीस वाट्या साधे पाणी मिसळून प्रत्येकात एकेक पट्टी तेवढाच वेळ ठेवावी. नमुन्याच्या राखीशी जी जुळेल ते आपल्या मडक्याचे प्रमाण. दर नव्या मडक्याला हे पुन्हा करावे लागेल, कारण गूळ, ऊन आणि गंज यांप्रमाणे पाणी बदलते. लोखंडातून काढलेले कापड लगेच तीन-चार स्वच्छ पाण्यांतून खळबळून धुवावे. कापड कमजोर होते ते बहुधा धाग्यात मोकळ्या राहिलेल्या लोखंडाने, आणि ते धुण्यातच निघून गेले पाहिजे.